आधी चढा, मग उतरा : तळघरातल्या दुकानाचा काचेचा मंडप

जमिनीखालच्या दुकानाची अडचण एकच असते. ते कुणाला दिसत नाही. रस्त्यावरच्या गाळ्याला शटर असते, पाटी असते, काचेआड मांडलेला माल असतो. तळघरातल्या दुकानाकडे फक्त एक जिना असतो, आणि अनोळखी, अंधाऱ्या जिन्याने गिऱ्हाईक सहसा उतरत नाही. म्हणून जगात अनेक ठिकाणी अशा जागेच्या डोक्यावर काचेचा मंडप उभा करतात. दिवसा उजेड खाली जातो, रात्री खालचा उजेड वर येतो आणि न दिसणाऱ्या दुकानाला चेहरा मिळतो.

याचे गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचे. जनरल मोटर्स इमारतीसमोरच्या चौकाखाली ॲपलने १९ मे २००६ रोजी दुकान उघडले आणि वर सुमारे दहा मीटर बाजूचा काचेचा घन उभा केला. बोहलिन सिविन्स्की जॅक्सन या वास्तुविशारद संस्थेने आखलेल्या त्या घनाच्या पोटातून गोल जिना आणि लिफ्ट खाली जाते. त्याआधी १९८९ मध्ये पॅरिसला लूव्र संग्रहालयाच्या अंगणात वास्तुविशारद आय. एम. पेई यांचा २१.६ मीटर उंचीचा काचेचा पिरॅमिड उभा राहिला होता. त्याच्याही खाली प्रवेशदालनच आहे.

चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, गडचिरोली किंवा देसाईगंजच्या बाजारात जागेचे भाव चढत आहेत आणि नव्या संकुलांत तळघरे निघत आहेत. तिथल्या एखाद्या व्यापाऱ्याला किंवा तरुण वास्तुविशारदाला असा मंडप करावासा वाटला, तर त्यात गैर काही नाही. मात्र न्यूयॉर्कचा घन जसाच्या तसा इथे आणला, तर तो मेमध्ये भट्टी होईल आणि जुलैमध्ये पाण्याची वाट. इथे निर्णयांचा क्रम वेगळा लागतो : आधी जमीन, मग पाणी, मग ऊन, मग माणसांची सुटका आणि सर्वांत शेवटी काच.

खणण्याआधी

चंद्रपूर जिल्ह्यात जमिनीखाली काय आहे, हा प्रश्न इतर शहरांपेक्षा जास्त गंभीर आहे. रय्यतवारी, महाकाली, लालपेठ ही नावे शहरातल्या वस्त्यांची आहेत आणि कोळसा खाणींचीही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूस येथे भरवस्तीतले एक घर काही क्षणांत जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. म्हणून शहराच्या खाणपट्ट्यालगत तळघर काढायचे असेल, तर इथल्या कोळसा खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या क्षेत्रीय कार्यालयाकडून जुन्या खाणकामाच्या नकाशांची माहिती लेखी मागावी आणि भूतंत्रज्ञाकडून बोअर घेऊन मातीची तपासणी करून घ्यावी. वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या मातीचा स्वभावही ध्यानात घ्यावा. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि तळघराच्या भिंतींवर दरवर्षी नव्याने जोर लावते.

दुसरी चौकशी वारशाची. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आणि जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर हे दरवाजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा नव्या बांधकामासाठी प्रतिबंधित असतो आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. जुन्या शहरात परकोटालगतच बाजार असल्याने हे अंतर मोजल्याशिवाय आराखड्यावर पैसा घालू नये.

तिसरी चौकशी वापराची. मंजूर नकाशावर तळघर बहुधा वाहनतळ किंवा साठवणुकीसाठी दाखवलेले असते. तिथे दुकान चालवता येईल का आणि कोणत्या अटींवर, हे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागाकडून लेखी घ्यावे. दिल्लीच्या जुन्या राजिंदरनगरात २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. त्या तळघराला ग्रंथालयाची परवानगीच नव्हती. परवानगीचा कागद पोकळ औपचारिकता समजणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

पाणी : उंबरा ठरवा, मग बाकीचे

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो. इरई आणि झरपट या नद्या चंद्रपूर शहराला लागून वाहतात. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाच्या विसर्गाने वैनगंगा फुगली आणि ब्रह्मपुरी, गडचिरोली परिसरातली गावे पाण्याखाली गेली. २०२२च्या पावसाळ्यात इरई आणि वर्धेने चंद्रपूरच्या सखल वस्त्या पुन्हा बुडवल्या. भामरागडला पर्लकोटा नदीचे पाणी बाजारपेठेत शिरणे तर तिथल्या लोकांना नवे नाही. मोठी नदी फुगली की तिला मिळणारे नाले मागे तुंबतात, त्यामुळे नदीपासून लांब असलेल्या गल्लीतही नालीतून पाणी उलटे वर येते.

म्हणून पहिला नियम : माणसाने आधी काही पायऱ्या चढाव्यात, मग खाली उतरावे. बँकॉकच्या भुयारी रेल्वेची प्रवेशद्वारे अशीच पदपथापासून उंच उचललेली आहेत. चौथऱ्याची उंची डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. जलसंपदा विभागाने आखलेली निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जागा या रेषांच्या आत असेल, तर तळघराचा विचारच सोडावा. बाहेर असेल, तरी जुन्या शेजाऱ्यांना विचारून आजवरच्या सर्वांत उंच पाण्याची खूण शोधावी आणि मंडपाचा उंबरा तिच्याही वर न्यावा. पाण्याची खूणच नसलेल्या उंच जागेवरही रस्त्याच्या मध्यापासून किमान ४५ सेंटिमीटर उंची हवी, कारण डांबराच्या दर नव्या थरासोबत रस्ता वर येतो आणि जुने उंबरे खाली जातात.

चौथरा उंच असला, तरी एखादे विसरलेले भोक सगळे वाया घालवते. मुंबई मेट्रोच्या तीन क्रमांकाच्या मार्गावरचे आचार्य अत्रे चौक स्थानक १० मे २०२५ रोजी सुरू झाले आणि २६ मेच्या पावसात त्यात पाणी भरले. बांधकाम अपुरे असलेल्या एका प्रवेशमार्गावर पाणी अडवण्यासाठी घातलेली भिंत कोसळली आणि लोंढा थेट फलाटापर्यंत गेला. धडा सरळ आहे. तळघराला बाहेरून जाणारी प्रत्येक वाट, मग ती केबलची नळी असो, हवेची खिडकी असो, सामान उतरवण्याचे दार असो की जनित्राचा धूर सोडणारा पाइप, उंबऱ्याच्याच पातळीवर किंवा वर असली पाहिजे. बांधकाम चालू असतानाही.

पाण्याचा हिशेब घरी बसून करता येतो. तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर २०० चौरस मीटरच्या अंगणातून २०,००० लिटर पाणी वाहते. अंगणाचा उतार मंडपाकडे असेल, तर हे सगळे जिन्यावर येईल. म्हणून उतार बाहेरच्या दिशेने हवा, दारासमोर पूर्ण रुंदीची जाळीची नाली हवी, आणि ती नाली नगरपालिकेच्या नालीला जोडताना पाणी मागे न येऊ देणारी झडप बसवावी. जाळी बारीक असावी. पावसाळ्यात बेडूक आणि त्यांच्या मागोमाग साप गारव्याच्या जागी उतरतात, हे जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना सांगायला नको. जिन्याच्या तळाशी पाणी साठवणारा खड्डा आणि त्यात दोन पंप ठेवावेत : एक रोजचा, दुसरा तो बंद पडल्यास आपोआप सुरू होणारा. वादळी पावसात वीज हमखास जाते, म्हणून दुसऱ्या पंपाची वीज जनित्रावर किंवा बॅटरीवर असावी. विजेचा मुख्य फलक तळघरात ठेवूच नये.

भिंती आणि फरशीचे जलरोधन बाहेरच्या बाजूने करावे, आतून फासलेला थर पाण्याचा दाब फार काळ पेलत नाही. शिवाय भूजल वर आले की ते तळघराला वर ढकलते. दर एक मीटर पाण्यामागे प्रत्येक चौरस मीटर फरशीवर एक टन जोर येतो. वर इमारत नसेल आणि फक्त हलका काचेचा मंडप असेल, तर हा जोर कोण पेलणार, हे संरचना अभियंत्याने आकड्यांत दाखवायला हवे.

ऊन : भिंती काचेच्या, छत भरीव

चंद्रपूरचा पारा मे महिन्यात अनेकदा ४५ च्या पुढे जातो आणि ४७ अंशांच्या वरच्या नोंदी इथे आहेत. पण मंडप आखताना पाऱ्याहून सूर्याची जागा महत्त्वाची. चंद्रपूर २० उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या सुमारास, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या उत्तरार्धात तो पुन्हा तिथे येतो, पण तेव्हा ढग असतात. न्यूयॉर्कला सूर्य वर्षात कधीच ७३ अंशांच्या वर चढत नाही आणि डिसेंबरात तो २६ अंशांवर रेंगाळतो. तिथे काचेचे छत हिवाळ्यात उपकारक ठरते. इथे तेच छत वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशी सर्वांत जास्त ऊन आत घेते.

हिशेब करून पाहावा. सात मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद छत साध्या काचेचे असेल, तर मेच्या दुपारी दर चौरस मीटरवर पडणाऱ्या सुमारे ९५० वॅट उन्हापैकी ८० टक्के आत येते. ते साडेअठरा किलोवॅट भरते आणि फक्त तेवढी उष्णता बाहेर काढायला पाच टनांहून जास्त वातानुकूलन लागते. दुकान गार करण्याचा खर्च वेगळाच. छत भरीव, उष्णतारोधक थराचे आणि वरून पांढरे केले, तर हा भार जवळजवळ नाहीसा होतो.

आता दिशा. मेमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावर असल्याने उत्तर आणि दक्षिणेच्या उभ्या भिंतींवर थेट ऊन फारसे येत नाही. छत दीड मीटर बाहेर काढले की उरलेसुरलेही अडते. हिवाळ्यात दक्षिणेकडून तिरके ऊन आत येते, ते हवेहवेसे असते. खरा त्रास पूर्वेचा आणि त्याहून पश्चिमेचा, कारण दुपारी चारचे ऊन सरळ भिंतीवर आदळते. पश्चिमेची बाजू म्हणून बंद ठेवावी आणि लिफ्ट, विजेचा फलक, पंपाचे नियंत्रण, हवेचा झरोका हे सगळे त्या भिंतीत बसवावे. ती काचेचीच हवी असेल, तर बाहेरून उभ्या पट्ट्या लावाव्यात. त्यासाठी लांब जायला नको. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये ज्या बल्लारपूरच्या आगारातून सागवान गेले, ते इथलेच. सागवानाच्या पट्ट्या किंवा प्रक्रिया केलेला बांबू इथल्या उन्हापावसात टिकतो आणि मंडपाला या मातीची ओळखही देतो.

खालच्या दुकानाला मात्र निसर्गाची साथ आहे. चार-पाच मीटर खाली जमिनीचे तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिर राहते. भद्रावतीच्या विजासन लेण्यांत किंवा जुन्या बावड्यांच्या खालच्या पायऱ्यांवर उन्हाळ्यात जाणवणारा गारवा तोच. हा गारवा राखायचा तर वरच्या मंडपाची गरम हवा खाली येऊ देऊ नये. जिन्याच्या तळाशी दुसरे दार ठेवावे आणि मंडपाच्या माथ्याशी झडपा ठेवून गरम हवा वरच्या वर सोडून द्यावी.

विदर्भातला नेहमीचा उपाय कूलर, पण तळघरात तो जपून वापरावा. कूलरला आत येणाऱ्या हवेइतकीच बाहेर जाणारी वाट लागते. ती नसेल, तर खाली उमस साठते, कापड आणि पुस्तकांना बुरशी धरते. पावसाळ्यात वातानुकूलन फार खाली नेले, तर काचेच्या बाहेरच्या अंगावर पाणी धरते आणि ज्या पारदर्शकतेसाठी एवढा खर्च केला, तीच जाते. दुपदरी काच आणि २५-२६ अंशांवर ठेवलेले तापमान यावर पुरेसे आहे.

जिना, सुटका आणि धूर

मंडपाचा आकार चित्रकाराच्या कल्पनेने ठरत नाही, जिन्याने ठरतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार सार्वजनिक इमारतीत पायरीची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि पाऊल ठेवायची जागा ३० सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. दुकानाचा जिना दीड मीटर रुंद हवा. चार मीटर खोल तळघर आणि ४५ सेंटिमीटर चौथरा मिळून उतरायच्या सुमारे ३० पायऱ्या होतात. त्या दोन टप्प्यांत वळवल्या, तर वरच्या आणि मधल्या चौकासह साधारण सात मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद जागा लागते. ४५ सेंटिमीटर चढणारा उताराचा मार्ग १ ला १२ या प्रमाणात ५.४ मीटर लांब होतो. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी तो आणि लिफ्ट दोन्ही लागतात. ही मापे कागदावर मांडली की मंडप कुठे बसतो, ते आपोआप स्पष्ट होते.

काचेच्या पायऱ्या इथे टाळाव्यात. ओल्या चपलांनी त्या घसरतात, कोळशाच्या धुळीने ओरखडतात आणि साडी नेसलेल्या बाईला पायाखालून दिसणारी पायरी नको असते. खरखरीत केलेला ग्रॅनाइट, प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी आणि दोन्ही बाजूंना कठडा एवढे पुरे.

आग लागली, तर काचेचा मंडप धुराड्यासारखा वागतो. खालचा धूर वर ओढला जातो, आणि नेमकी तीच माणसांची बाहेर पडायची वाट असते. म्हणून तळघराला दुसरा, पूर्ण वेगळ्या दिशेला उघडणारा जिना असलाच पाहिजे. मंडपाच्या माथ्यावरच्या झडपा धूर ओळखून आपोआप उघडणाऱ्या असाव्यात. सरकते दार वीज जाताच उघडे राहील, असेच घ्यावे. अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आराखड्याच्या टप्प्यावरच मागावे. बांधून झाल्यावर जिना हलवता येत नाही.

आणि आता काच

एवढे ठरल्यावर काच निवडणे सोपे जाते. माणसांच्या उंचीवरची सगळी काच सुरक्षा काच हवी. नुसती टफन काच फुटली की तिचे बारीक दाणे होतात, पण जागा उघडी पडते. दोन काचांमध्ये चिकट पडदा असलेली लॅमिनेटेड काच तडकली, तरी जागेवर उभी राहते. जिथे पलीकडे जिन्याची खोली आहे, तिथे लॅमिनेटेडच घ्यावी. नेहमीचा पीव्हीबी पडदा उष्णतेने मऊ पडतो, म्हणून जिथे काच भार पेलते, तिथे आयनोप्लास्ट जातीचा ताठ पडदा मागावा. टफन काच कधीकधी आतल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे काही कारण नसताना फुटते. ती कारखान्यात तापवून तपासलेली असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे.

ॲपलच्या घनात सुरुवातीला ९० काचा होत्या. २०११ मध्ये त्या बदलून १५ मोठ्या काचा बसवल्या, म्हणजे सांधे कमी दिसावेत. चंद्रपूरला उलट दिशेने जाणे शहाणपणाचे. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही. एक फुटली, तर तेवढ्याच मापाची नवी कारखान्यातून करून आणावी लागते. ट्रकमध्ये उभी मावेल, चार माणसांना उचलता येईल आणि पंधरवड्यात बदलता येईल, असे माप ठरवावे आणि सगळ्या काचा शक्यतो एकाच मापाच्या ठेवाव्यात. दोन जादा काचा पहिल्याच वेळी मागवून ठेवाव्यात.

काच आणि चौकटीच्या मध्ये हलायला जागा हवी. उन्हाळी दुपार आणि हिवाळी पहाट यांच्यातल्या फरकाने धातू लांबतो-आखडतो. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगूजवळ ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचे धक्के गडचिरोली आणि चंद्रपुरात जाणवले. काच चौकटीला घट्ट आवळलेली असेल, तर असा धक्का थेट तिच्यात उतरतो.

काच कुणाला दिसावी, याचाही विचार हवा. उभ्या माणसाच्या आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाच्या, अशा दोन्ही नजरांच्या उंचीवर ठळक पट्ट्या हव्यात. त्याशिवाय प्रश्न पक्ष्यांचा. काचेत झाडांचे प्रतिबिंब पडते आणि पक्षी त्यावर आदळून मरतात. बाहेरच्या पृष्ठभागावर पाच-पाच सेंटिमीटरवर छोटे ठिपके छापले, तर त्यांना अडथळा कळतो. न्यूयॉर्कच्या जॅव्हिट्स सभागृहाची काच अशी बदलल्यावर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ९० टक्क्यांनी घटले, आणि त्या शहराने पुढे नव्या इमारतींसाठी पक्ष्यांना दिसेल अशा काचेचा कायदाच केला. वारली किंवा गोंडी चित्रशैलीतली नक्षी हेच काम करू शकते, फक्त ठिपके-रेषांमधले अंतर पाळावे.

रात्रीचा दिवा पिवळसर, खाली रोखलेला आणि छताच्या आत ठेवावा. पांढरा झगझगीत प्रकाश पहिल्या पावसानंतर उधईची पाखरे हजारोंनी ओढतो आणि सकाळी दारात पंखांचा खच पडतो.

राहिली धूळ. २९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र, कोळसा खाणी आणि सिमेंटचे कारखाने असलेल्या या जिल्ह्यात काच दोन दिवसांत मळते. आतून-बाहेरून प्रत्येक काचेपर्यंत हात पोचेल, अशी जागा आराखड्यातच ठेवावी, छताच्या कडेला दोर अडकवायच्या कड्या ठेवाव्यात आणि मंडपाची उंची चार मीटरच्या आत ठेवावी. त्याहून उंच काच इथे कुणी नियमित धूत नाही.

कामाचा हंगाम आणि करार

खोदकाम दिवाळीनंतर सुरू करावे, तेव्हा भूजल उतरायला लागलेले असते. फरशी, भिंती आणि जलरोधन मार्चपर्यंत आटोपून तळघराच्या माथ्याचा स्लॅब मृगाआधी पडलाच पाहिजे. काच सगळ्यांत शेवटी बसवावी. ताबा घेताना तीन चाचण्या कराव्यात : काचेच्या प्रत्येक सांध्यावर नळीने पाणी मारणे, पंपाच्या खड्ड्यात पाणी सोडून आणि मुख्य वीज बंद करून दुसरा पंप सुरू होतो का पाहणे, आणि दुकानात माणसे असताना दोन्ही जिन्यांनी बाहेर पडायला किती वेळ लागतो, हे मोजणे. फॅब्रिकेटर आणि जलरोधन करणाऱ्याच्या रकमेतला काही भाग पहिला पावसाळा उलटल्यावर देण्याची अट करारात आधीच लिहावी, आणि त्या पावसाळ्यात सर्वांत खालच्या फळीवर माल मांडू नये.